पंगत कुणी बसवायची

सांगली-आष्टा एसटीत शालूबाईंच्या पुढच्या सीटवर भरतेश मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. शेजारी त्याचे बाहुबलीकाका.

“आवं काका, डेरीचा कॉम्प्युटर रोज सांजच्याला अडतोय. म्हणून सॉफ्टवेअर पुन्हा बांधतोय. मेमरीतली जागा कुणी वाटायची, ते आधी ठरवाय लागतंय.”

“आता कोन वाटतंय?”

“जुना प्रोग्राम हाय एक. दिसंल त्या फटीत काम बसवतो. सांजपत्तर मोकळ्या जागा लय, पन सुट्या सुट्या. मोठ्या कामाला सलग जागा लागती, ते आलं की उभंच.”

“आपल्या जैनांच्या पंगतीवानी! दिस बुडायच्या आत जेवायचं, आन् हितं एक, तितं एक पान मोकळं. एका रांगेत बसायचं म्हनून सहा जनांचं घर दारात उभं!”

“व्हय. नवा ल्हान-मोठ्यांच्या रांगाच येगळ्या लावतो. पन जागा जरा जादा खातो.”

“खाऊ दे की रं! दिस बुडाल्यावर उपाशी कोन ऱ्हाईल? नवाच घे.”

भरतेशनं नवा निवडून बटण दाबलं.

तुंगला एक सासू आणि कडेवर तान्हं घेतलेली सून चढली. दोनच सीटा रिकाम्या होत्या. एक शालूबाईंच्या शेजारी, दुसरी पार मागं.

“बसा गं दोघी हितं,” म्हणत शालूबाईंनी खिडकी सोडली आणि त्या मागच्या सीटवर जाऊन बसल्या.