ग्लासातला फासा

इलेन : ‘एका झग्याला चार शिपाई, फासा पडला, रडते आई...’ पपांचा तो आवाज अजून कानात आहे, ऑलविन. गुड फ्रायडेला ओटीवर बसून गायचे. क्रुसाखाली शिपायांनी प्रभूच्या झग्यासाठी फासे टाकले, म्हणून त्या दिवशी आम्हा पोरांना पत्त्यांनाही हात लावू द्यायचे नाहीत. आणि तू रोमी शिपायाचा फासा माझ्या स्वयंपाकघरात आणून ठेवलास!

ऑलविन : शिपायाचा कशाला? खलाशाचा असेल. धूप न्यायला त्यांची जहाजं यायची इथं, या अरबी किनाऱ्यावर. हाडाचा आहे. दोन हजार वर्षं वाळूत पडला होता बिचारा.

इलेन : बिचारा म्हणे! आणि ग्लासात का बुडवलाय?

ऑलविन : मीठ निघायला. समुद्राकाठी सापडलेलं हाड गोड्या पाण्यात ठेवावं लागतं, नाहीतर सुकल्यावर तडकतं. रोज पाणी बदलायचं. माझं कामच ते.

इलेन : काम खोदकामाच्या साइटवर. घरी कशाला? जमा का नाही केलास?

ऑलविन : करीन गं.

इलेन : कधी? चार दिवस झाले, तुझ्यासोबत खोदणारा स्वरूप भिंत अंगावर कोसळून आयसीयूत पडलाय, आणि तू फाशाला आंघोळी घालतोयस.

ऑलविन : जमा केला की एक्स-रे काढतात.

इलेन : मग काढू देत! त्याचं कुठलं हाड मोडलंय?

ऑलविन : तू निघ. ऋचाचं विमान उतरलं असेल.

इलेन : उतरलं. टॅक्सीही खाली आलीय. पण फोनवर कालपासून एकच विचारतेय बिचारी. खड्ड्याची भिंत ओली होती, तर मोजपट्टी घेऊन माझाच नवरा का उतरला? काय सांगू तिला?

ऑलविन : एकालाच उतरायचं होतं. वरून मालकाची, अर्बाबची घाई, यल्ला, यल्ला. भिंत दोघांनाही दिसत होती. मग म्हटलं, नशिबावर सोडू.

इलेन : नाणं उडवलंत? चहा कोण आणणार म्हणून उडवता तसं?

ऑलविन : नाणं नव्हतं खिशात.

इलेन : दोघांच्याही?

ऑलविन : मी म्हटलं, हा फासा टाकू. एक-दोन-तीन पडले तर मी उतरतो, चार-पाच-सहा पडले तर तू. हसला तो. म्हणाला, टाका महाराज.

इलेन : आणि?

ऑलविन : सहा.

इलेन : शुक्रवारी इथंच बसून बोंबलाचं कालवण ओरपून गेला रे... पण ते नशीबच म्हणायचं. तुझ्यावर पडलं असतं तर तू उतरला असतास. तसंच सांगते तिला. आधी हे पाणी ओतते, मला बघवत नाही.

(ती ग्लास उचलते. फासा गडगडतो, कलंडतो आणि तळाशी बसतो.)

इलेन : अगोबाई. परत सहाच.

ऑलविन : ओतू नकोस. ठेव खाली.

इलेन : असा का बघतोयस?

ऑलविन : त्या दिवसापर्यंत सात वेळा पाणी बदललं होतं मी. सातही वेळा तो असाच बसला. आत एका बाजूला शिसं भरलंय, इलेन. टाकायच्या आधी मला माहीत होतं.