तुडवलेला वाफा

हेमाली : तिथून परत वाच, दादा. एका डोळ्यानं ओळ धरवत नाही मला, खालच्या ओळीत घसरते.

प्रज्योत : 'मिठागराच्या जागेवर जमाव पांगवताना अघातक साधनांचा वापर करण्यात आला. त्यात कु. हेमाली हिच्या डाव्या डोळ्यास इजा झाली. सदर प्रकरणी चौकशी उद्या सकाळी अकरा वाजता. जबाब देणाऱ्या सर्वांनी हजर राहावे.' एवढंच आहे.

ठमाबाई : अघातक म्हंजे रं काय?

प्रज्योत : जीव जात नाही असं हत्यार, मावशी. प्लास्टिकची गोळी, धूर, तसलं. गर्दी मागं सारायला.

ठमाबाई : मंग खरा लिवलाय. जीव कोनाचा गेला नाय.

प्रज्योत : असं नको ना बोलू.

ठमाबाई : मी कय वाकडा बोलतंय? गनपतीत तूच आनली होतीस ती गोली. अंगठ्यायेवढी, काली. पोरांनी हातात घेतली, म्हाताऱ्यांनी घेतली. तू बोललास, मावशे, ही लागली तर नुसता सुजतं. हलद लावायची नि गप बसायचा.

प्रज्योत : आम्हाला तसंच शिकवलं होतं.

ठमाबाई : म्हनून त्या दिवशी मी हलद आनायला घरी पलत आलू. पोर तिथं पडलेली नि मी हितं डबे उलथंपालथं करतंय. हलद घेऊन गेलू तर बायका माज्याकडं बगतच ऱ्हायल्या.

हेमाली : आई, ते दहादा सांगून झालंय तुझं. दादा, तू उद्याचं बोल. मला एकच सांग. आम्ही बसलो होतो, हे तू उद्या सांगशील ना?

प्रज्योत : तेच बोलायला आलोय.

हेमाली : आदल्या दिवशी फोन तुझाच होता. 'उद्या आमची तुकडी येतेय. उभ्या राहू नका, पळू नका, मिठाच्या वाफ्यात खाली बसा. बसलेल्याला कुणी मारत नाही.' मी सगळ्या बायकांना सांगितलं, माझा भाऊ पोलिसात आहे, त्याला माहीत आहे. सखुबाईला गुडघ्यानं बसवत नाही, तिला मी हाताला धरून बसवलं.

प्रज्योत : फोनचं नाही सांगता येणार मला. फोनचं कळलं तर नोकरी त्याच दिवशी जाईल.

हेमाली : फोनचं नको सांगू. बसलेल्या होत्या, एवढंच सांग. माझ्यावर दगडफेकीची केस आहे, ठाऊक आहे ना तुला? डॉक्टर बोलले, वर्षभरानं एका डोळ्यावरही लायसन बघू. शाळेच्या बाई बोलल्या, पोरांची गाडी दुसऱ्या ड्रायव्हरला दिलेली नाही, तुझी वाट बघतो. पण दगडफेकीची केस असलेल्या बाईच्या गाडीत कोण पोरं बसवणार? ती केस पडली पाहिजे. बाकी मला काही नको.

ठमाबाई : दोन वरसां क्लीनरसारखी फिरली मामाच्या टेम्पोत, तवां कुठं गाडी हातात आली तिच्या.

प्रज्योत : माहीत आहे, मावशी.

हेमाली : मग सांगशील ना?

प्रज्योत : हेमाली, माझा जबाब झालाय.

हेमाली : कधी?

प्रज्योत : त्याच दिवशी. चार वाजता. गाडीच्या बोनेटवर कागद ठेवून सहा जणांच्या सह्या घेतल्या. साहेबांनी सांगितलं तसं एकानं लिहिलं, बाकीच्यांनी उतरवून काढलं.

हेमाली : काय लिहिलंय?

प्रज्योत : उन्हाला सगळ्यांनी तोंडं बांधली होती. कोण पडली, कुठल्या गावची, काही माहीत नव्हतं. गुलाबी ओढणी, एवढंच सगळे बोलत होते. तू होतीस हे मला रात्री गावातून रघूचा फोन आला तेव्हा कळलं. आईची शपथ.

हेमाली : काय लिहिलंय, दादा?

प्रज्योत : 'जागा पडीक, चिखलाची व दगडधोंड्यांची होती. गुलाबी ओढणीची मुलगी दगड उचलण्यासाठी खाली वाकली. त्यामुळे पायावर नेम असताना तिच्या डोळ्यास इजा झाली.'

ठमाबाई : दगड?

प्रज्योत : हो.

ठमाबाई : वाफ्यात?

प्रज्योत : मावशी...

ठमाबाई : वाफ्यात दगड कुठनं आला रं? तू कोनाचा पोर हाईस? खडा तर सोडच, करंगलीच्या नखायेवढी शिंपली ऱ्हायली तरी आमी वेचून काडतो. मिठात खडा आला तर व्यापारी गोनी परत धाडतो. ह्ये तुना सांगावा लागतं?

प्रज्योत : मला वाटलं, जागा खरंच पडीक आहे. दोन वर्षं मीठ काढलंच नव्हतं ना तुम्ही. पाणी अडवायची उघाडी मोडली, भरतीचं पाणी कसंही आत येतं, असं तूच सांगितलंस मला दिवाळीत.

ठमाबाई : सांगला होता.

प्रज्योत : मग? दोन वर्षांचा गाळ. मी उभा होतो तिथून नुसता काळा चिखलच दिसत होता.

ठमाबाई : चिखल नको बोलू.

प्रज्योत : दिसला तसं बोलतोय.

ठमाबाई : ह्या घरात नको बोलू. तुजी आय गेली त्याच्या आदल्या साली शेजारीन तिच्या वाफ्याला चिखल बोलली, तर तिनं मरंपतुर त्या बाईच्या हातचा पानी पिला नाय. बाईनं तुडवलेल्या वाफ्याला चिखल बोलतं कं कोन? त्यापरीस तिला शिवी द्यावी.

हेमाली : थांब आई. दादा, मला एक समजत नाही. त्या दिवशी गोळ्या किती सुटल्या?

प्रज्योत : तीन.

हेमाली : सखुबाईच्या पोटरीला एक. रघूच्या मांडीला एक, तो बांधावर उभा होता.

प्रज्योत : हो.

हेमाली : आणि एक मला. तीन माणसांनी झाडल्या की एकानंच?

प्रज्योत : तिघांनी. बाकीचे तिघे धुराच्या नळकांड्यांवर होते.

हेमाली : तू कशावर होतास?

(प्रज्योत कागदाची घडी घालतो. हेमाली उठते, आत जायला वळते, आणि तिचा डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटतो.)

ठमाबाई : सांबालून. म्हैना झाला तरी चौकट दिसत नाय तिला त्या बाजूची.

हेमाली : लागलं नाही. दादा, तू कशावर होतास?

प्रज्योत : बंदुकीवर.

ठमाबाई : कय बोलतोस?

प्रज्योत : मावशे, मी माणसावर नेम धरला नव्हता. हुकूम होता, गुडघ्याच्या खाली मारा. समोर बघतो तर सगळ्या बसलेल्या. उभ्याच्या गुडघ्याच्या उंचीला बसलेल्या माणसाचं काय असतं? तोंड असतं. माझ्या शेजारच्या दोघांनी कडेचे बघून मारल्या. मला साहेब मागून ओरडतायत, चालव, चालव. मी नळी खाली केली. तुमच्या पुढं दहा हातावर, मोकळ्या वाफ्यात मारली. म्हटलं चिखल आहे, रुतून बसेल. आवाज होईल, साहेबांचं समाधान होईल, कुणाला लागायचं नाही.

हेमाली : रुतली नाही ती.

प्रज्योत : नाही. पाण्यावर मुलं खापरी मारतात तशी उडाली. मी बघितलं. पाच आठवडे रोज बघतोय. शिकवतात आम्हाला, डांबरावर मारू नका, फरशीवर मारू नका, कडक जमिनीवरून कुठंही जाते. पण ती डांबर नव्हती, फरशी नव्हती. खाडीकाठची जमीन होती. ती उडालीच कशी, हे मला अजून कळलेलं नाही.

ठमाबाई : आमी तुडवली होती.

प्रज्योत : काय?

ठमाबाई : वाफा. दिवाली झाली नि लागलू. आमी अकरा बायका. दीड म्हैना. सकाली पानी घ्यायचा, गाल बसवायचा, पायानं तुडवायचा, फल्या घेऊन चोपायचा, सुकवायचा. परत पानी. हेमाली गाडी सोडून यायची नि संध्याकालपतुर आमच्यासंगं नाचायची. असा केला होता की टाच मारली तर टाच दुकंल.

प्रज्योत : कशासाठी? जागा तर गेली होती.

हेमाली : गेली नव्हती. जागा मागणाऱ्या कंपनीच्या कागदात लिहिलं होतं, मिठागर बंद, जागा पडीक. वकील बोलला, चालू आहे असं दाखवा, मीठ काढून दाखवा, मग बघतो. म्हणून तुडवला. पहिलं मीठ आता शिमग्याच्या आधी निघालं असतं.

प्रज्योत : मला कुणीच सांगितलं नाही.

हेमाली : नाही सांगितलं.

प्रज्योत : मावशे, दर रविवारी फोन करत होतो मी. काय चाललंय विचारलं की तू बोलायचीस, काय नाय, बसलोय. एकदा तरी बोलली असतीस. एकदा.

ठमाबाई : तू पोलीस हाईस.

प्रज्योत : मी तुझा पोर आहे. आई गेली तेव्हा पाच वर्षांचा होतो, तुझ्या ताटात जेवलो.

ठमाबाई : जेवलास. पन साहेबानं इचारला आसता तर तू सांगला आसतास. मंग त्याहीं तुडवूनच दिला नसता. मीच बायकांना बोललू, प्रज्योतला कलू देव नका. सखुबाई बोलत होती, सांग त्याला, आपला मानूस हाय. मी नाय बोललू.

प्रज्योत : कळलं असतं तर मी तिथं मारलीच नसती. हवेत मारली असती. खाडीत मारली असती.

ठमाबाई : व्हय.

प्रज्योत : एवढंच बोलतेस?

ठमाबाई : आनखी कय बोलू? तू फोन केलास तो आमच्या भल्यासाठी. मी लपवला तो पन भल्यासाठी. भला करून करून पोरीचा डोला गेला.

हेमाली : दादा, इकडे बघ. माझ्या या बाजूला ये, तिकडे तू दिसत नाहीस. आता जे बोललास ते उद्या बोल. गोळी उडाली, कारण जमीन कडक होती. जमीन कडक होती, कारण वाफा चालू होता. चालू वाफ्यात दगड नसतो, म्हणजे मी दगड उचलला नाही. एवढ्या एका गोष्टीत माझी केस पडते आणि आमचं मिठागर पडीक नव्हतं हेही कागदावर येतं. दुसरा पुरावाच नाही आमच्याकडं. तूच आहेस.

प्रज्योत : वाफा दाखवता येईल का उद्या?

हेमाली : नाही.

प्रज्योत : का?

हेमाली : येताना बघितला नाहीस? सोमवारपासून डंपर चालू आहेत. गुडघाभर मुरूम टाकलाय. उघाडीपण बुजवली.

प्रज्योत : म्हणजे नुसता माझा शब्द. पाच जणांच्या विरुद्ध. आणि त्या शब्दाचा अर्थ काय होतो माहीत आहे? आज कुणाची गोळी लागली ते कागदावर कुठं नाही. मी बोललो की ती माझी. हुकूम मोडून जमिनीवर मारली, बहिणीचा डोळा घेतला, वर खोटा जबाब दिला. बाकीचे पाचही खोटे ठरतात. त्यातल्या केतनचं मागच्याच महिन्यात लग्न झालंय. घरी बायकोला, प्राप्तीला, मी अजून काहीच सांगितलेलं नाही. तिला सातवा महिना लागलाय.

हेमाली : मला तेविसावं वर्ष लागलंय.

प्रज्योत : हेमाली, केसचं मी बघतो. साहेबांना गाठतो. अशा केसी दोन-चार वर्षांत निघून जातात. तारखेला तारीख पडते, मग कुणी विचारत नाही.

हेमाली : दोन-चार वर्षं शाळा माझ्यासाठी गाडी उभी ठेवणार?

प्रज्योत : दुसरं काहीतरी बघू. मी बघतो.

हेमाली : नको. तू नको बघू.

प्रज्योत : मी नाही बोलणार असं म्हटलेलं नाही. मला रात्रभर विचार करू दे. उद्या तिथं उभा राहिलो की कदाचित...

ठमाबाई : न्हाय बोलनार तू.

प्रज्योत : मावशे, मी अजून काही ठरवलेलं नाही.

ठमाबाई : तुजा ठरलाय. तू लहान होतास, घागर फोडलीस की असाच दाराकडं बगत बोलायचास. मी मारला नाय कवां तुना, बिनआयचा पोर म्हनून. मारायला पायजे होता.

प्रज्योत : तू सांग मी काय करू. तू सांगशील ते करतो.

ठमाबाई : मी सांगनार नाय. सांगला नि तुजा संसार मोडला तर तो पन माज्याच डोक्याव. मना आता येक डोला पुरं झाला. पानी पिलास कं?

प्रज्योत : नाही.

ठमाबाई : पी. नि जा. उजेड हाय तवर जा. बांधावरनं नको जाव, बांध नाय ऱ्हायला. हायवेनं जा.

प्रज्योत : येतो, मावशे. हेमाली, येतो.

(हेमाली कागद उचलून आत जाते.)

ठमाबाई : प्रज्योत.

प्रज्योत : काय?

ठमाबाई : उद्या आमी अकरा जनी येनार हाव. तुज्या मागंच बाकाव बसू. तू चिखल बोलशील तवां जरा हलू बोल.