गज्याचा एकट्याचा प्रोग्राम

आमचा गज्या लग्नाच्या बँडमध्ये गायचा ना, त्यानं यंदा बँडच सोडला. म्हणे, "आता मी एकटा गाईन, स्टेजवर. लोकं बसून ऐकतीन."

सावरगावात पहिला प्रोग्राम झाला. आम्ही खुर्च्यांवर बसलो. पण जन्मभर वरातीपुढं चालत गायलेला माणूस तो! दुसऱ्याच गाण्याले माइक घेऊन खाली उतरला अन् रस्त्यानं चालाले लागला. लोकंही उठले, मागं नाचत निघाले. माइक केव्हाच बंद पडला, गाणं चालूच. जाम नदीचा पूल ओलांडून पांढुर्ण्यात पोचलो, तं समोर त्याचा जुना बँडमास्तर.

"काय बे गज्या, नवरदेव मागं राहिला का?"

घाम पुसत गज्या म्हणे, "कायचा नवरदेव, मास्तर? मी एकटा गाऊन राहिलो!"