साखर अजून वाटेत आहे

आपिया शहरातल्या दवाखान्यात लोसा रक्ततपासणीच्या रांगेत बसली होती. पुढच्या बाकावर दोन धिप्पाड बहिणी होत्या. थोरलीच्या हातात गेल्या सोमवारच्या तपासणीचा कागद.

“सिएनी, मला साखर नाही निघाली!”

“ताई, हळू! मग डॉक्टरीणबाई इतका वेळ काय सांगत होत्या?”

“रक्तात खुणा दिसतायत म्हणाल्या. दीडशे किलोच्या अंगात साखर लवकर येते. माझी वाटेला लागलीय, पण दारात पोचली नाही. वजन उतरवलं तर वाटेतूनच माघारी फिरेल!”

“आईला तर पाय कापायची वेळ आली तेव्हा कळलं.”

“तेच तर! मला आधी कळलंय गं!”

“उपाशीपोटीच दिलं होतंस ना रक्त?”

“म्हणजे काय! रविवारी संध्याकाळी सगळे डुकराच्या मटणावर तुटून पडले, मी बोटसुद्धा लावलं नाही. सकाळी नुसता कोको घेतला.”

“साखर घालून?”

“बिनसाखरेचा कोको कोण पितं? आणि ते काय खाणं झालं?”

“अगं ताई!”

“थांब... म्हणजे कागदावरची साखर त्या कोकोचीच असेल, माझी याहूनही लांब असेल! चल, पुन्हा रक्त देऊ!”

लोसाने हातातला कोकोचा अर्धा पेला हळूच बाकाखाली सरकवला.