जिवंत आहेत, पण कामावर नाहीत

...अहो, सुई बोटात रुतलीय, रक्त येतंय, आणि आमची ताई आपली शांतपणे तुरपाई करतेय! तुम्हाला सांगतो, तीस वर्षं शिवणाचं दुकान चालवलेली बाई, डोळे मिटून काज करील असा हात... आणि मी ओरडतोय, "ताई, रक्त!" तर म्हणते, "कुणाचं?" आता काय बोलणार?

झालं होतं काय, ताईला कॅन्सर. आठ केमो ठरलेल्या, पाच झाल्या, गाठ निम्म्यावर आली, डॉक्टरबाई खूश. पण ताईची बोटं बधिर! बटण लागेना, कात्री हातात आहे की पडली ते बघून कळायचं. मी ताईला घेऊन तावातावानं गेलो, म्हटलं, बाई, औषध गाठीला चाललंय की बोटांना? तर बाई चष्मा पुसत, अगदी हळू, "हे बघा, कॅन्सरच्या पेशी सारख्या एकीच्या दोन होत असतात. औषध त्यांना तेव्हाच गाठतं आणि मारतं. नसांना जपणाऱ्या पेशींना तशी घाई नसते, त्यामुळे त्या सहसा मरत नाहीत. पण बिघडतात. नसेला गुंडाळून सांभाळायचं सोडून पुन्हा कच्च्या होतात, असं दिसतंय."

"म्हणजे?"

"म्हणजे जिवंत आहेत, पण कामावर नाहीत."

घ्या! असले लोक आमच्या ऑफिसात ढिगानं आहेत हो, पण त्यांच्यापायी कुणाची बोटं नाही बधिर होत! आता काय बोलणार?

मग बाई ताईकडे वळल्या. "डोस कमी करता येईल. पण गाठीवरचा जोरही कमी पडू शकतो. तुम्ही सांगा."

ताईनं दोन्ही हात मांडीवर उलटेपालटे करून बघितले. त्याच हातांनी शिवून शिवून मला शिकवलंय हो तिनं... मी खिडकीकडे तोंड फिरवलं. म्हणाली, "तीनच राहिल्यात ना? पुऱ्या द्या."

आणि गाठ गेली! खरंच गेली! बोटं? बाई म्हणाल्या, "येतील सावकाश, वर्ष लागेल, थोडं राहीलही." आता काय बोलणार?

पण दुकान बंद ठेवायचं नाही, म्हणून संध्याकाळी मशीनवर कोण? मी! ताई समोर खुर्चीत. "टीप वाकडी. उसव. ही कॉलर आहे की कुत्र्याचा पट्टा? उसव!" काल एकच बाही चार वेळा उसवली. शेवटी डॉक्टरबाईंना फोन लावला, म्हटलं, बाई, बोटांचं होऊ द्या सावकाश... पण ताईच्या डोळ्यांना जरा बधिर करणारं काही मिळेल का?