सासूबाई मोकळ्या नाहीत

जळणं म्हणजे काय ते मला विचारा, आणि तेही स्वतःच्या सासूवर! त्या शाळेतून रिटायर झाल्या तेव्हा त्यांच्यापेक्षा जास्त आनंद मला झाला होता. आता त्या नातवाला सांभाळतील आणि मी पुन्हा कामावर जाईन, असं मी मनात ठरवूनही टाकलं. त्यांना विचारायचं तेवढं राहिलं.

त्यांनी मात्र वटार गावच्या आपल्या घरी सुकेळीचा धंदा काढला. पिकलेली केळी सोलायची, उन्हात वाळवायची, केळीच्याच सुक्या पानांत बांधायची. ऑर्डरींसाठी फोन सारखा वाजतोय आणि चेहऱ्यावर नव्या नवरीचं तेज! माझा चेहरा मलाच आरशात बघवत नव्हता.

शेवटी एका रविवारी पोराला घेऊन आमच्या चंदनसारच्या घरून वटारला गेलेच.

"आई, पेन्शन आहे ना तुम्हाला? मग ही दगदग कशाला?"

त्या केळी उलटत म्हणाल्या, "अगं, रिटायर झाले तसं जो तो विचारायला लागला, 'आता मोकळ्याच ना?' याला दवाखान्यात ने, त्याच्या घरी पाहुण्यांचं बघ. आता सांगते, केळी उन्हात आहेत. कोणी पुढे बोलत नाही. तू पण तेच विचारायला आलीस ना?"

"छे हो, सहज आले."

"सहज येताना कोणी पाळणा घेऊन येतं?"

मी पाळणा पाठीमागे सरकवला. त्याच पुढे म्हणाल्या, "मी मोकळी नाही. पण मला जोडीला माणूस हवंय. पाळणा पडवीत मांड. येशील कामाला?"

आई झाल्यापासून हे मला कोणीच विचारलं नव्हतं. विचारलं ते नेमकं सासूबाईंनी!

दातओठ खात मी म्हटलं, "कधीपासून येऊ?"