दंडावरची पकड

मानेला पट्टा लावून बसलेल्या शिवणकामवाल्या काकूंची नजर शेजारच्या आजोबांच्या सदऱ्यावर गेली. उजवी बाही दंडापाशीच तेवढी विरली होती. फिजिओथेरपिस्ट मुलगी बाहेर आली.

"डॉक्टरांची चिठ्ठी, आजोबा?"

"नाही आणली. चालेल ना?"

"चालेल की. काय दुखतंय?"

"हा दंड."

"काही जड उचललंत?"

"छे गं. आमची ही याला धरून चालायची. सगळा भार यावर."

"मग त्यांना वॉकर घ्या ना."

"होता. म्हणायची, पांगुळगाडा धरायला मी काय तान्ही आहे? परवा देऊन टाकला कुणाला तरी."

"…डॉक्टरांना का नाही दाखवलंत?"

"ते फोटो काढतील न् म्हणतील, हाड शाबूत आहे."

"बघू. इथं दुखतं?"

"हं, इथंच. जरा घट्ट धर, पोरी. लगेच सोडू नकोस."